पाव पडू द्यायचा नाही

एकतीस वर्षं खुनमिंगच्या टपाल कचेरीत
माझ्या उजव्या हातानं एकच काम केलं:
धप्. शाई. धप्.
निरोपाच्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं,
खांदा मात्र ठेवून घेतला.

म्हणून जानेवारीत, कानांवर लोकरी टोपी ओढून,
मी हिरव्या तळ्याकाठी गेले, छू मास्तरांकडे.
मास्तर कसले, जन्मभर कुलुपं दुरुस्त केलेली.
खिशात अजून तारा, एक कानस, भोपळ्याच्या बिया.
मी वही नेली होती:
चोवीस प्रकार, क्रमानं, नावांसकट.
त्यांनी ती ओल्या बाकावर ठेवली
आणि तिच्यावर बसले.
"ताई ची शिकायची नसते," म्हणाले,
"खेळायची असते."

एक म्हातारा लांब दांड्याचा कुंचला
पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होता.
"त्याची ओळ वाळायच्या आत
तिच्यामधून चालत जा. काही पुसायचं नाही."
मी गेले. चंद्र फिसकटला. नदीवर टाच पडली.
म्हाताऱ्यानं वर न बघताच
दुसरा चंद्र काढला.
आठवडाभरात मांजरपावलं जमली असं नाही,
पण वजन टाकण्याआधी
गुडघा जरा विचारू लागला.

मग जोडीदार मिळाला: थान रुई, वय सात,
पुढचे दोन दात गायब.
आमच्या तळव्यांमध्ये एक वाफवलेला पाव.
दाबायचा नाही. पडू द्यायचा नाही.
तो सरकला की आपण सरकायचं, एवढंच.
मी काय केलं?
धप्.
पावाची पोळी झाली.
"मावशी, मी काय पाकीट आहे?"
रुई हसून हसून खाली बसला.

पुन्हा नवा पाव. या खेपेला मी ढकललं
आणि तो तिथे नव्हताच.
त्यानं काहीच केलं नव्हतं, नुसती जागा सोडली होती.
माझी एकतीस वर्षं हवेत हात घालून
पालथी पडली.
कुणीतरी टोपी आणून दिली.

तळ्यावर सैबेरियाहून आलेले कुरव,
लोकांच्या बोटांवर टपलेले.
तिसऱ्या पावाच्या वेळी एकानं झेप घेतली.
पाव गेला.
आणि आम्ही दोघं तसेच फिरत राहिलो,
नसलेला पाव सांभाळत,
तो डावीकडे, मी डावीकडे,
त्याचा हात वर, माझा कधी वर गेला
मला कळलं नाही.
खांदा दुखायचा राहून गेला.

मास्तरांनी बी फोडली.
"आत्ता काय केलंत?"
मी सांगायला तोंड उघडलं
तेवढ्यात ते निसटलं.

घरी तांदूळ धुताना हात भांड्यात
आपणहून गोल फिरला, दोनदाच,
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं
आणि पुन्हा लाकूड झाला.

वही मास्तरांकडेच राहू दे.
बाक ओला असतो.
उद्या पाव चार न्यायचे,
एक कुरवाच्या नावाचा.