परतीची फट

शताब्दीच्या पुस्तिकेत
प्रत्येक शाखेला दोन परिच्छेद, असा हुकूम आहे.
मुख्य ग्रंथालयाला अठरा पानं, संगमरवरी जिन्यासकट.
मी दप्तरातला कारकून.
टॅनरी स्ट्रीटची सात नंबरची शाखा माझ्या वाट्याला आली,
तळघरातल्या तीन खोक्यांसह.

पहिल्या खोक्याला अजून कापराचा वास येतो,
थोडा ज्येष्ठमधाचा.
शाखा सुरू झाली तीच मुळी हॅल्वर्सनच्या औषधांच्या दुकानात,
खोकल्याच्या बाटल्यांखालच्या दोन फळ्यांवर.
बासष्ट पुस्तकं. नऊ स्लोव्हाक.
पुस्तक हवं तर आधी हात दाखवायचे.
कातडी कमावणाऱ्यांची पोरं ती,
नखांत ओकच्या सालीचा रंग, कितीही घासा, तसाच.
हॅल्वर्सनचा शेरा आहे:
'हात स्वच्छ. रंग कायमचा. पुस्तक दिलं.'
हे मी पहिल्या परिच्छेदात घातलं होतं.
साहेबांनी लाल रेघ मारली.

मग बंबखान्याच्या माडीवर.
घंटा झाली की वाचणारे खिडकीशी जायचे,
धूर आपल्या गल्लीचा नाही ना, बघायचे,
आणि परत यायचे; ओळीवर
शेजाऱ्यानं बोट धरून ठेवलेलं असायचं.

त्या हिवाळ्यात घटसर्पाच्या घरांतून आलेली पुस्तकं
मागच्या अंगणात जाळली.
यादी आहे. एकशे चार नावं.
पुस्तकांची.
मुलांची नावं लिहायला त्यात रकाना नव्हता.
फक्त एकीपुढे, पेन्सिलीनं, कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात:
'बोझेना. शेवटची तीन पानं राहिली होती तिची.'

विटांची इमारत आली तेव्हा
दाराला पितळी फट बसवली, रात्री पुस्तकं परत टाकायला.
दक्षिणेतून नवी माणसं आली.
ल्यूसिंडा गेदर काउंटरशी उभी राहिली, कार्ड मागितलं.
बाई म्हणाल्या, तुमच्या लोकांना देत नाही, नियम आहे.
'कुठे लिहिलाय?'
बाई तीन दिवस शोधत होत्या.
ल्यूसिंडा तीन दिवस बाकावर बसून होती, टोपी मांडीवर.
कुठेच नव्हता लिहिलेला.
चौथ्या दिवशी कार्ड; थँक्सगिव्हिंगपर्यंत
तिच्या एका गल्लीतून ऐंशी.

पुढचं सगळं इतिवृत्तात आहे.
आधी टॅनरी स्ट्रीटची बस बंद केली,
मग लिहिलं, वाचक घटले.
मग शाखेचीच मुदत संपली.
खिडक्यांना फळ्या, दाराला साखळी.
फट बुजवायचा कागद मात्र कुणी काढलाच नाही.

म्हणून पुस्तकं येत राहिली.
अकरा वर्षं.
ऑरिन टीग, रखवालदार, महिन्यातून एकदा आत जायचा,
फरशीवरचा ढीग उचलायचा, वहीत मांडायचा.
एका पुस्तकात दंडाची नाणी, चिकटपट्टीनं लावलेली.
एकात लग्नाचा फोटो, बहुधा खूण म्हणून ठेवलेला.
काही तर आमची नव्हतीच:
कुणाच्या आईची पाककृतींची वही, एक बायबल पाण्यानं फुगलेलं,
पाढ्यांचं पुस्तक.
टीगनं वर विचारलं, ही घ्यायची का?
उत्तर नाही.
पुन्हा विचारलं.
मग त्यानं घरून रबरी शिक्का आणला,
सात आकड्याचा, पोराच्या खेळण्यातला,
आणि सगळ्यांवर मारला.

दुसरा परिच्छेद काल पूर्ण झाला. सहा ओळींचा.
टीग त्यात नाही. टोपीही नाही.

संध्याकाळी मी टॅनरी स्ट्रीटला जाऊन आलो, चालत, बस नाहीच.
शेजारी टायरचं दुकान झालंय.
फट आहे; पितळ काळं पडलंय,
कड तेवढी चकचकीत.
वगळलेली पानं घडी करून आत सोडली.

जमिनीवर पडल्यासारखा आवाज नव्हता तो.
कागदावर कागद पडावा, तसा.