चोवीस सॉसेज आणि लाइन नाही

भाचा आला नागपूरहून, सातच्या एसटीनं,
मांडीवर थर्माकोलचा डबा,
जसा कोणी पोलिओचे डोस घेऊन यावा.
आत बर्फाचं पाणी झालेलं, पाण्यात चोवीस सॉसेज,
गुलाबी, गुळगुळीत, एकमेकांच्या अंगावर.
"मामा, आज रातीच खा लागते," प्रज्वल म्हणाला,
"उद्यावर गेले तं गेले."

डीपी दुपारीच जळली होती.
दारव्ह्याहून माणूस सकाळी येणार.
माझ्या गिरणीचा पट्टा लोंबत होता.
हाक कोणाला मारावी लागली नाही;
डबा घेऊन उतरलेला पोरगा अर्ध्या गावानं पाह्यला होता.

प्रज्वल हॉटेलात हेच करतो. त्यानं नीट सांगितलं:
पाण्यात सोडायचे, उकळी नको, नुसती वाफ,
मग तव्यावर लोणी, मंद आच, फिरवत राहायचं.
"फुटलं तं रस जाते."
इंदूबाई ऐकत होती कमरेवर हात ठेवून.
शाळेत एकशे बारा लेकरांची खिचडी शिजवते ती,
तिला आच कोणी शिकवत नाही.
"उकडून कायले? बटाटे हायेत का हे?"
वांग्याला देतात तशा चिरा दिल्या टोकापासून,
चिरांत मीठ, तिखट, कुटलेले तीळ,
आणि सोडले सरळ जवसाच्या तेलात.
टोकं उलटी वळली, पाय फुटल्यासारखी.
खेकडे, खेकडे म्हणत पोट्ट्यांनी तेच आधी संपवले.

हिरामण कोडापेनं पऱ्हाटीची काडी सोलून त्यात ओवली,
पऱ्हाटीचाच जाळ केला अंगणात.
जाळावर नाही. जाळ बसल्यावर.
"मासोई भाजतो तसंच."
एका बाजूनं काळं, दुसरीकडून जेमतेम ऊन.
मला विचाराल तर तेच, काळ्या बाजूचं:
आधी कोळसा, मग चटकन फुटणारी साल,
मग बराच वेळ धूर.

पावाचं काय? लांब पाव इथे कोण ठेवतो?
मेश्रामच्या दुकानात सहा गोल होते, कालचे.
दोन्हीकडून टोकं बाहेर,
लहान भावाच्या आंगीत मोठा भाऊ.
बाकीच्यांना ज्वारीची भाकर;
वळली की तडकते, म्हणून कांद्याची पात दाबून.

वरून लावायला प्रज्वलनं पिवळी पुडी काढली, मोहरीची.
चंपतरावांनी बोट चाटलं.
"हे तं सर्दीचं औषध व्हय."
मग घराघरातून वाट्या आल्या,
अंबाडीच्या फुलांची आंबट चटणी, लसणाचा ठेचा,
सांडगी मिरची तळून चुरलेली.
कोणी सकाळच्या पोह्यांची तर्री गरम करून ओतली.
पाव विरघळला, सॉसेज ताटलीत पोहत राहिलं,
आणि त्या गड्यानं ते चमच्यानं खाल्लं,
डोळे पुसत, दोनदा मागून.

माझी बायको शेवंता बोलली नाही काही.
कोरडा झुणका केला, त्यात बारीक काप टाकले.
"असं कोणाले किती आले ते दिसत नाई."
चोवीस होते. आम्ही एकतीस.

नाव कोणीतरी विचारलंच.
प्रज्वलनं सांगितलं, रुख्मानं त्याचं मराठी केलं, मोठ्यानं,
आणि आमचा मोत्या उठून
पलीकडच्या अंगणात जाऊन बसला.

भांडी घासताना शेवंतानं विचारलं,
पोट्ट्यानं खाल्लं का?
तो गिरणीच्या ओट्यावर होता,
उरलेल्या तर्रीत भाकर बुडवत.
"तिथं रोज दोनशे बनवतो, मामी. खायची परवानगी नाई."
"मंग आज काऊन नाई खाल्लं?"
"आज पाहून रायलो होतो."
थोड्या वेळानं, हसत,
"एकानंही बरोबर नाई केलं."

सकाळी डीपीवाला आला.
चुलीशेजारी प्रज्वलचं पातेलं तसंच होतं झाकलेलं,
उकळी न येऊ देता जपायचं ते पाणी.
शेवंतानं त्यात साखर टाकली, पत्ती टाकली,
आणि चांगली खळखळून उकळी येऊ दिली.