काट्यावर

चोपड्याच्या जिनात एकवीस वर्षं मी दुसऱ्यांचा कापूस तोलला.
स्वतः चढलो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी,
हमाल जेवायला गेले तेव्हा, चपला काढून.
दोन मण अकरा शेर.
किलोची नवी वजनं त्याच साली पेटीतून आली होती,
पण अंगाची लाज मला मणातच वाटायची.

लोटन पाटील म्हणाला होता, संक्रांत झाली की सत्रासेनच्या वर जाऊ,
डुकरं उतरतात हरभऱ्यावर.
बंदूक माझी. पाय तुझे तू बघ.

म्हणून पहाटे अडावदच्या रस्त्याने,
तिसऱ्या मैलाच्या दगडाला हात लावून मागे.
येताना रस्ता सोडायचा, नांगरटीतून यायचं
अनवाणी, काळ्या ढेकळांवरून.
घोटे मुरगळून मुरगळून शहाणे होतात,
असं आमचा वाटाड्या रेमला बारेला सांगून गेला होता.
पाठीवर सरकीचं अर्धं पोतं.
दुपारी कापसाच्या गंजीवर चढ-उतर,
पाय गुडघ्यापर्यंत आत.
डोंगर असा कुठेच आत घेत नाही,
हे नंतर कळलं.

खाण्याचं सांगतो.
शेवभाजीवरची तर्री सोडली.
बाजाराच्या दिवशीची जिलेबी सोडली.
भजेवाल्या सुपडूने दोनदा हाक मारली,
तिसऱ्या आठवड्यात मारली नाही,
त्या दिवशी घरापर्यंतचं चालणं जड गेलं.
दादरच्या भाकरी दोन, मोजून.
मूग, अंबाडी, पातीचा कांदा,
तुरकाठ्यांवर भाजलेलं वांगं, तेलाशिवाय.
यमुनाबाई म्हणाली,
"हाई भरीत नही शे, हाई वांगानं मढं शे."
रात्री अर्धी भूक राखून निजायचं,
ती राखलेली भूक कुशीला घेऊन
आढ्याचे वासे मोजायचे.
संक्रांतीला तिळाचा एकच लाडू.
दुसरा खिशात, डोंगरासाठी.

लोटन पहिल्याच चढाला बसला,
बंदूक मांडीवर, रुमाल कपाळावर.
तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.
आम्ही झालो पुढे.
रेमला साठीचा असेल,
पोटऱ्या खैराच्या गाठीसारख्या.
अर्ध्या चढावर त्याने विचारलं, इतके वाळलात कशाने?
मी सगळं सांगितलं, भाकरींच्या आकड्यासकट.
तो थांबला. कुऱ्हाड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.
म्हणाला, "पीक बुडालं होतं का तुमचं?"

मला काही सुचेना.
लाडू काढला, अर्धा त्याला दिला.
त्याने त्यातला अर्धा पळसाच्या पानात बांधला.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

माथ्यावर, अंजनाच्या झाडाखाली,
डुक्कर वीस हातांवर होतं.
मुस्काट मातीत, पाठीचे केस दवाने ओले,
कंद चावल्याचा कुरकुर आवाज अगदी स्पष्ट.
मी धाप लागायची वाट पाहत राहिलो.
लागली नाही.
दोन्ही पारडी सारखी झाल्यावर
काटा मधोमध येऊन राहतो, तशी छाती.
तीन महिन्यांच्या त्या सगळ्या रात्री या वीस हातांसाठी,
आणि हातात बाभळीची काठी.
बंदूक खाली, सावलीत,
लोटनबरोबर बिडी ओढत बसलेली.
रेमला हसला, आवाज न करता, नुसते खांदे.
डुकराने पोटभर खाल्लं, मग गेलं.

फाल्गुनात तो डिंक घेऊन बाजाराला आला.
मी त्याला काट्यावर उभं केलं,
कुऱ्हाड खाली ठेव म्हणालो नाही.
एक मण सात शेर.
"किती भरलो?"
मी वही उघडली. मिटली.
हमालाच्या पोराला घरी पिटाळलं:
सांग, दुपारी दोन माणसं आहेत.
भरितात तेल घाल म्हणावं.