दहा हजार किलोमीटर

वाहेदनं चार क्लिपा उचकटल्या, डब्याचं झाकण काढलं
आणि एअर फिल्टर टायरवर आपटला.
एकदा. मग थांबला.
"चाचा, ही धूळ आपल्याकडची नाही."

परभणीत, जिंतूर रोडला, त्याच्या पत्र्याखाली
मी स्टुलावर पेपर घेऊन बसलेलो.
गेल्या खेपेची धूळ मला आठवते :
काळी, चुनखडीची, थोडं ज्वारीचं कुसळ,
एक आख्खी गांधीलमाशी, पंखांसकट.
ती माझी धूळ होती. रिटायर व्हायच्या वर्षातली.

ही पिवळी.

कागदाच्या घडीघडीत बसलेली,
बोटाला लागली की पुसली न जाणारी.
वाहेदनं हुंगली, मलाही हुंगायला दिली.
"वसमत," म्हणाला. "मोंढ्यामागं हळदीच्या पॉलिशचे ड्रम फिरतात ना, तिथली."

"रेणू नांदेडला जाते, क्लासला.
वसमत वाटेतच आहे की."

"जाता-येता एवढी नाही बसत, चाचा.
गाडी त्या आवारातच फिरायलीय. सीझनभर."

एवढं बोलून तो गाडीखाली सरकला.
नट सुटला, काळं ऑईल डबड्यात पडत राहिलं,
आधी धारेनं, मग थेंबाथेंबानं. बराच वेळ.

मला तिची नखं आठवली.
मी समजलो होतो, पोरगी स्वयंपाक शिकायलीय.
तिची आई म्हणाली होती,
आता हिला हळद लावायला पाहिजे,
आणि रेणू हसत हसत उठून गेली होती.

नव्या ऑईल फिल्टरच्या रबराला
वाहेदनं बोटानं ऑईल फिरवलं.
हातानंच आवळला. हात अडला तिथून थोडा पुढं,
बस.
"पाना नाही लावायचा?"
"पान्यानं आवळला की पुढच्या वेळी निघत नाही, चाचा.
फोडावा लागतो."

डिझेल फिल्टरमधून चमचाभर पाणी निघालं.
कुठल्या पंपाचं, देव जाणे.
त्याचं काही तो बोलला नाही.

बिलात तीन फिल्टर, ऑईल, मजुरी.
जुना एअर फिल्टर तो पिंपात टाकायलाच होता,
मी मागून घेतला,
नोकरीच्या जाहिरातींच्या पानात गुंडाळला
आणि डिकीत, स्टेपनीच्या मागं सारला.
का, ते मलाही सांगता येणार नाही.

संध्याकाळी ती एक चक्कर मारून आली.
"बाबा, पिकअप आला हो गाडीला!"
"फिल्टर बदलले."
"एअरचा पण?"
"तिन्ही."
तिची बोटं ओढणीत गेली.
"आणि जुने?"
"वाहेदनं टाकले असतील."

भाकरी झाली, बातम्या झाल्या, 
तिनं क्लासचं एक पुस्तक उघडून मिटलं.
विचारायचं माझ्या हातात होतं. हात अडला तिथं मी थांबलो.
थोडा पुढं जायचं राहिलंच.

उद्या सकाळी ती पुन्हा नांदेडला निघेल.
रस्त्याला खड्डे आहेत, चाक पंक्चर होऊ शकतं.
तिला स्टेपनी काढावी लागेल.
नाही तर डिकी उघडल्याबरोबर वास तरी येईलच.