क्रमांक सतरा

धुळ्याला एप्रिलात बर्फ आला,
चौदा पेट्यांतून, भुशात गुंडाळून.
असं आम्ही म्हणायचो. होती काच.

फिनलंडचा कोणी वेइक्को हेइनाला,
शिल्पकार; शिवाय पेले, किटल्या, दिवे घडवणारा.
जाऊन वीस वर्षं झाली त्याला.
त्याचं सामान देशोदेशी फिरत
पांझरेकाठच्या आमच्या संग्रहालयात कसं पोचलं,
ते साहेबांनाही धड सांगता येत नाही.
माझं काम: खुर्ची, शिट्टी,
आणि दिवसातून तीनशे वेळा
हात लावू नका.

बाहेर त्रेचाळीस. आत पंखे.
लोक काचेपाशी वाकत, गाल जवळ नेत,
गार लागतं का बघत.
एक पोरगी म्हणाली, वितळत कसं नाही?
मला उत्तर आलं नाही.
म्हणालो, हात लावू नका.

चबुतरे सुपडू मिस्तरीने केलेले,
प्लायवूडचे, वरून पांढरा रंग.
तिसऱ्या दिवशी तो राहिलेलं बिल मागायला आला
आणि आपले चबुतरेच बघत फिरला,
अंगठ्याने कोपरे चाचपत,
एका जागी लांबी फुगली होती
तिथे स्वतःलाच शिवी हासडत.
वरच्या वस्तू त्याला दिसल्याच नाहीत
सतरापर्यंत.

सतरा म्हणजे फुलदाणी म्हणा, नाहीतर बुंधा.
फूल खोचायला जागा नाही.
अंगभर उभ्या रेघा, मध्ये एक गाठ,
गाठीला वळसा घालून पुन्हा वाटेला लागलेल्या रेघा.
सुपडूने चष्मा शर्टाला पुसला.
काचेपासून चार बोटं लांब, हवेत नख धरून
वरून खाली वाचत गेला.
"हाई तं लाकूड शे."

मी पाटी वाचून दाखवली.
लाकडाचा साचा कोरायचा, त्यात तापली काच फुंकायची.
साचा पेटतो, दर खेपेला थोडा जळतो,
म्हणून दुसरी वस्तू पहिलीसारखी होत नाही,
आणि आठव्या-नवव्या काचेला साचाच उरत नाही.

बराच वेळ तो गप्प.
मग बोलला, कोणाशी ते कळेना.
बावीस वर्षं फाउंड्रीत काढली, अवधानला.
पंपाचे पॅटर्न करायचो, सागाचे.
वाळूत दाबायचे, उचलायचे,
राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं.
घासून घासून काच करायची सागाची,
एक रेघ उठली की मुकादम परत पाठवायचा.
गिरणेपासून तापीपर्यंत पाणी ओढलं त्या पंपांनी,
एकाच्याही अंगावर झाड नाही.
"आनि हाऊ माणूस गाठबी ठेवस!"

साचा कोणी कोरला, विचारलं त्याने.
पाटीवर नव्हतं. यादीत नव्हतं.
जाडजूड पुस्तकात एक फोटो निघाला:
भट्टीपुढे हेइनाला, डोळे बारीक केलेले,
आणि कडेला, फोटोनेच अर्धा कापलेला,
कोणाचा तरी हात.
"हाऊच," सुपडू म्हणाला.
कशावरून?
"अंगठा देख."
मी देखला. मला अंगठाच दिसला.

तेवढ्यात लाइट गेली.
पंखे घरघरत थांबले. शेजारच्या पत्र्यावरून
उलटलेलं ऊन खिडकीतून आत घुसलं,
सतरातून आरपार गेलं,
आणि रेघा उतरल्या भिंतीवर,
सुपडूच्या शर्टावर, गाठ बरोबर खिशापाशी.
मी हात लावू नका म्हणालो नाही.
त्याने लावला की नाही, मी पाहिलं नाही.
रजिस्टरात तसंच लिहिलंय, पाहिलं नाही.

मे संपायच्या आत पेट्या गेल्या.
एक्कावन्न वस्तू, मोजून, सही, शिक्का.
चबुतरे आमच्याकडेच राहिले. बिल अजून अर्धंच.
सतरावर मी माठ ठेवलाय.
पाझरतो दिवसभर. पांढरा रंग पोपडे धरून सुटत चाललाय,
आणि खालून प्लायवूडच्या रेघा
हळूहळू वर यायला लागल्यात.

सुपडूला सांगितलेलं नाही अजून.
लांबी घेऊन येईल.