हातमोजे

रात्रभर ते खारट, लिंबाच्या चवीचं पाणी पिऊन
आतून धुऊन निघालेले आम्ही चौघं,
लेउवार्डेनच्या इस्पितळात, गुडघ्यावर फॉर्म.
पाच मिलिमीटरपेक्षा लहान पॉलिप सापडल्यास
काढून, नीट न्याहाळून, लॅबला न पाठवता
टाकून द्यावा का?
हो. नाही. दोनच चौकोन.

माझ्या नवऱ्यानं, विब्रेननं, खूण करूनही टाकली.
"कापलेली नखं पाठवतेस का कुठे तपासायला?"
समोरच्या बाई, पायात दोन रंगांचे मोजे,
म्हणाल्या, पैसे भरीन, पण माझं मला कळलं पाहिजे.
त्यांच्या भावाचंही असंच होतं म्हणे, राईएवढं.
पुढचं बोलल्या नाहीत.
चौथा माणूस गोठलेल्या कालव्याची बातमी वाचत होता,
कागद कोराच.

मी एकतीस वर्षं स्टेशनवर,
हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत.
छत्र्या, कवळ्या, एकदा एक अकॉर्डियन.
तीन महिने वाट पाहायची, मग टाकायचं.
टाकण्याचं मला वावडं नाही,
छत्र्या तर ढिगानं टाकल्या, बिनदिक्कत.
पण एका डिसेंबरात
एका हातमोज्याच्या करंगळीत अंगठी निघाली
आणि तेव्हापासून मी प्रत्येक हातमोजा
उलटा करून पाहिला, निवृत्तीच्या दिवसापर्यंत.
पुन्हा कधीच काही निघालं नाही.

हे कुठल्या चौकोनात बसवू?

नर्स आउक्ये म्हणाली, एवढ्याशात बहुधा काही नसतं,
आणि लॅबमध्ये ढीग साचलाय.
ढीग मला ठाऊक आहेत, म्हटलं,
आणि 'हो'वर खूण केली.
मग समासात, बारीक अक्षरात:
टाका, पण नोंद ठेवा. तारीख, जागा, रंग.

दुपारी गुंगीतून वर येत होते
तेव्हा डॉक्टरांनी फोटो दाखवला. एकच. तीन मिलिमीटर.
ओल्या गुलाबी भिंतीवर
दाराच्या घंटीसारखा.
"टाकला?"
"तुम्हीच लिहिलंत."
हो, मीच.

विब्रेनच्यात काहीच सापडलं नव्हतं,
त्यामुळे तो थोडा हिरमुसला होता
आणि माझाही टोस्ट खात होता.

दारापाशी वारा अंगावर आला.
मी खिशातून हातमोजे काढले,
उजवा उलटा केला,
मग डावा.
"बस चुकेल," विब्रेन म्हणाला.