घरटी पाच

हेब्रिडीजच्या नकाशावर शाई सांडावी तेवढं आमचं बेट.
माणसं सत्त्याऐंशी, कुत्री धरली तर शंभर पार.
वीज घरटी पाच किलोवॅट.
सहावा मागितला की घर अंधारात,
आणि मग मला फोन, कारण किल्ली माझ्याकडे.

किटली तीन खाते. कपडे धुण्याचं मशीन दोन.
वर इस्त्री, ओव्हन, केस वाळवायचं यंत्र:
एका ताटात जेवणारी भावंडं नव्हेत ही.
एडिनबराहून आलेला मास्तर पहिल्याच आठवड्यात
तीनदा काळोखात बसला.
चौथ्यांदा दार उघडून म्हणाला, "टोस्ट होता फक्त."
टोस्टच असतो. नेहमी.

डोलिना मॅकफेलकडे मात्र
किल्ली घेऊन मी कधी गेलो नाही.
तिला मीटर बघावा लागत नाही, घर किती ओढतंय ते
तिला ऐकू येतं.
फ्रिज गुरगुरला की किटलीवरचा हात ती मागे घेते,
कुणी आधी बोलायला लागलंय,
मध्ये तोंड घालू नये, तशी.

जानेवारीत वारा पडला
की दुकानाच्या दारावर कागद लागतो: आज जपून.
तेवढंच.
संध्याकाळी टेकडीवरून दिसतं,
इथली खिडकी मालवते, मग तिथली उजळते,
नळावर नंबर लावल्यासारखी.

आणि कधी वारा असा सुटतो
की पवनचक्क्यांना दम नाही,
बॅटऱ्या काठोकाठ.
तेव्हा उरलेली वीज आपोआप चर्चमध्ये जाते,
चार हीटर पेटतात.
पाद्री येतो महिन्यातून एकदा, बोट लागली तर.
एरवी मंगळवारी, मध्यरात्री, केव्हाही
रिकामी बाकं शेकत बसतात.

परवाच्या वादळात तारा बघायला निघालो,
चर्चचं दार लोटलं.
बाकांवर चादरी.
स्तोत्रांच्या पुस्तकांवर लोकरी मोजे, जोडीजोडीने.
पहिल्या रांगेत डोलिना, बूट काढून, तळवे हीटरकडे.
शेजारी टॉरकिलचा सदरा, बाह्या पसरलेल्या.
टॉरकिल जाऊन चार वर्षं झाली.
सदरा नुकता धुतलेला.

"वाया जाणार होती," ती म्हणाली.

सवयीने मी वही काढली.
कुठल्या रकान्यात लिहायचं ते सुचेना.
वही ठेवली, टोपी काढली,
ठिबकणारा कोट काढला.

"तिसऱ्या बाकावर टाक," ती म्हणाली,
"सदऱ्याला लावू नकोस."